दोघांच्या मापाची बॅटरी

प्रिय घाईबाई,

पत्र हातात पडल्या पडल्या शेवटचं पान आधी वाचायचं नाही. तुझी खोड मला ठाऊक आहे. घरी सगळं ठीक आहे. मी जेवढी आजारी होते तेवढीच आहे, त्यात भर पडलेली नाही, आणि मास्तरांची बोटं कात्रीवर रोजच्यासारखी आखडतात नि तोंड रोजच्यासारखं चालतं. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू बोलत नाहीस गं, हजेरी घेतेस. मशीन चालू आहे ना, नळी पुसली ना, सिलिंडर भरून आलं ना, आणि लगेच म्हणतेस ठेवते. माझ्या वाट्याला नुसतं हो-हो येतं. शिवाय मला एका दमात फार बोलता येत नाही. कागदावर दम लागत नाही, हा एक शोध मला या वयात लागला. तेव्हा हे निवांत बसून वाच, हात कवळीच्या साच्यात असताना नको.

बातमी अशी, की आपल्या गच्चीवर सोलर बसलं. बॅटरीसकट. तू तिकडे कवळ्यांचं पुढचं शिक्षण घ्यायला गेलीस आणि इकडे आम्ही दोन म्हाताऱ्यांनी हा उद्योग केला. तुला आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर का हेही सांगावं लागलं असतं, आणि ते ऐकून तू पहिल्या गाडीने परत आली असतीस. आता सांगायला हरकत नाही.

तू गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी वीज गेली. ऑक्सिजनचं मशीन ओरडायला लागलं. सिलिंडर पलंगाशेजारी उभंच होतं. नळी तिकडे जोडायची आणि चावी फिरवायची, एवढंच काम. तू ते बोलता बोलता करतेस. मास्तरांना चावी धरता आली, फिरवता येईना. समोरची शिकवणीवाली, जिच्यावर तू मला सोपवून गेलीस, ती नेमकी बाहेर गेलेली. तिने तरी काय दिवसभर आपल्या दारात बसावं? मास्तरांनी चावीला कापडाची चिंधी गुंडाळली, दोन्ही तळहातांत धरली, अंगाचा भार टाकला आणि कशीबशी फिरवली. तोवर माझे ओठ काळेनिळे झाले होते. माझा चष्मा खाली पडून त्यांच्याच पायाखाली आला. सिलिंडर सुरू झालं आणि मास्तर खुर्चीत बसून रडले. लेक गेला तेव्हासुद्धा हा माणूस माझ्यासमोर रडला नव्हता. मी त्यांना म्हटलं, अहो, आहे मी अजून. तर म्हणाले, माहीत आहे, म्हणूनच रडतोय.

आजवर वीज गेली की काय करायचं याचं आमच्याकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे तू. दवाखान्यातले दिवे गेले की तू अर्धी कवळी टेबलावर टाकून धावत सुटायचीस. तुझे दाताचे डॉक्टर म्हणायचे, या मुलीला पाहून कळतं की वीज गेली, दिव्यांकडे बघावंच लागत नाही. एकदा तर एका पायात तुझी चप्पल आणि दुसऱ्यात कुणा पेशंटची घालून आली होतीस. तेव्हापासून मी तुला घाईबाई म्हणायला लागले. तुला हसायचे, पण जिन्यात तुझी पावलं वाजली की माझा जीव भांड्यात पडायचा.

तर त्या दुपारनंतर मास्तर पेटलेच. सोलर घ्यायला गेले ते कापड घ्यायला गेल्यासारखे. पॅनेलवरून बोट फिरवून पोत बघितला, उलटं करून मागची बाजू बघितली, आणि पावसात आटणार तर नाही ना, असं विचारून दुकानदाराला गार केलं. त्या दुकानदाराने साधं, स्वस्तातलं सोलर यांच्या गळ्यात जवळजवळ मारलंच होतं. पॅनेल गच्चीवर, बॅटरी नाही, जास्तीची वीज बाहेरच्या तारांत जाणार आणि बिल कमी येणार. मी घरून एकच प्रश्न विचारायला सांगितला होता, बाहेरची वीज गेली तर काय? तर म्हणे, मग हेही बंद होतं. तारेवर दुरुस्तीला चढलेल्या माणसाला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते आपोआप थांबतं. मास्तर घरी येऊन तणतणत राहिले, वर ऊन रणरणतंय आणि खाली पंखा बंद, हे कसलं सोलर! मला काही त्याचा राग आला नाही. तारेवर चढणाराही कुणाचा तरी लेकच असतो. पण आपल्याला बिल कमी करायचं नव्हतं, मशीन चालू ठेवायचं होतं. म्हणजे बॅटरी हवी, आणि इन्व्हर्टर असा हवा, की वीज गेल्याबरोबर तो घराला बाहेरच्या तारेपासून तोडून घेईल आणि आपलं घर आपण चालवेल. हे समजायला आम्हाला चार दुकानं लागली.

मग शिकवणीवालीच्या ओळखीने सोलरवाली आली. तुझ्याच वयाची, खणखणीत आवाजाची, खिशात तीन स्क्रूड्रायव्हर. ती येणार म्हणून मास्तरांनी आदल्या दिवशीच पराक्रम करून ठेवला होता. खाकी कागदाचे, पॅनेलच्या मापाचे बेत कापले आणि गच्चीवर मांडून वर विटा ठेवल्या. जन्मभराची सवय, की कापड वाया जाता कामा नये; बाही उलटी घे, कॉलर कोपऱ्यातून काढ. तसंच इथेही. एक कागद उभा, एक आडवा, एक पाण्याच्या टाकीच्या पोटाशी, एक जिन्याच्या भिंतीला चिकटून, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. आठ बसवले होते, गच्ची वीतभर उरली नव्हती. सोलरवालीने नंतर मला सांगितलं, हसू दाबताना माझं पोट दुखलं हो काकू. पण तिथे वर ती हसली नाही. म्हणाली, मास्तर, ही सगळी एकाच धाग्यात असतात. एकावर सावली पडली की ते बाकीच्यांनाही मागे ओढतं. नीट उन्हात, एका दिशेला बसवलेली सहा या आठांपेक्षा जास्त देतील. मास्तरांना ते लगेच पटलं, कारण एक टाका ओढला गेला की सगळी शिवण गोळा होते हे त्यांना कुणी शिकवायला नको. दुसऱ्या दिवशी ते खडू घेऊन वर गेले आणि टाकीची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठे कुठे फिरते ते जमिनीवर आखत बसले. चेहरा उन्हाने रापला, पण त्या आखणीवरच सहा पॅनेल बसली आहेत.

बॅटरीवरून मात्र घरात दोन पक्ष झाले. मास्तरांचा ओढा जुन्या धाटणीच्या, पाणी घालायच्या बॅटरीकडे. त्यांना जड वस्तूवर विश्वास बसतो. सोलरवाली म्हणाली, ती चार्ज होताना वायू सोडते, तो बाहेर जायला मोकळी जागा लागते, आणि ज्या घरात ऑक्सिजन चालतो तिथे मी ती आत ठेवणार नाही. वर तिच्यात वेळच्या वेळी पाणी कोण घालणार? मास्तरांनी आपली बोटं पाठीमागे लपवली. शेवटी लिथियमची ठरली. ती भिंतीला लावायची, पाणी मागत नाही, आणि जवळजवळ तळापर्यंत वापरता येते. तीही माझ्या खोलीत नाही. मास्तरांच्या कटिंगच्या खोलीत, जिथे ऊन येत नाही त्या भिंतीला. त्यासाठी गिऱ्हाइकांचा उभा आरसा हलवावा लागला, तेव्हा मास्तरांनी चेहरा असा केला की जणू त्यांनाच घराबाहेर काढलं.

मग घरात काय बॅटरीवर चालायचं आणि काय नाही, याची वाटणी. त्यासाठी वेगळा बोर्ड बसवतात. मशीन तर आलंच. पंखे, दिवे, फ्रिज. मास्तर म्हणाले इस्त्री. सोलरवाली म्हणाली, इस्त्री एकटी अशा तीन मशीनांएवढी वीज खाते. मास्तर म्हणाले, इस्त्रीशिवाय शिंपी म्हणजे पाण्याशिवाय धोबी. मी म्हटलं, वीज गेल्यावर गिऱ्हाइकाला सांगा, उद्या या. तुमच्या इस्त्रीची घडी मोडली तर चालेल, माझी मोडायला नको. ते फुरंगटले खरे, पण बोर्डावर इस्त्री गेली नाही. इन्व्हर्टरही मी महागाचा घ्यायला लावला, कारण स्वस्तातल्याची वीज खडबडीत असते आणि अशी मशीनं त्यावर कुरकुरतात. मी स्वतः कुरकुरते तेवढं घराला पुरे आहे.

सगळं जोडून झाल्यावर सोलरवाली म्हणाली, आता मेन स्विच बंद करून बघू. मास्तर म्हणाले, आधी हिला सिलिंडरवर घ्या. मी म्हटलं, नाही. मी मशीनवरच राहणार. ज्याच्यासाठी केलं त्याच्यावरच चाचणी नको का? मास्तर चावी दोन्ही हातांत धरून माझ्या उशाशी उभे राहिले, बिचारे पांढरेफटक. तिने मेन बंद केला. शेजारच्या खोलीतला, बोर्डावर नसलेला दिवा गेला. माझं मशीन आपलं धकधक, धकधक करत राहिलं, त्याला पत्ताच नाही. मास्तरांनी चहा येईपर्यंत चावी सोडली नाही. आणि परवा तर गंमतच झाली. भर दुपारी शिकवणीवाली फोनचा चार्जर घेऊन दारात. म्हणाली, सकाळपासून वीज नाही, तुमच्याकडे लावू का? आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. मास्तर घोरत पडले होते. वीज गेलेली असताना हा माणूस झोपलेला मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा पाहिला. त्यांना उठवायचा मला धीर झाला नाही.

आता एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. बॅटरी किती मोठी घ्यायची, हे कसं ठरलं ते.

माझा चष्मा फुटला होता ना, तो नवा करून द्यायला तुमच्या दवाखान्याखालचा चष्मेवाला स्वतः घरी आला. त्याने आता तुझ्या त्या शहरात दुसरं दुकान काढलंय, इथे अधूनमधून असतो. माझ्या कानामागची काडी त्याने इतकी जपून बसवली, की ऑक्सिजनची नळी दुखू नये म्हणून तिला वेगळा बाक दिला. चहा घेतला, आणि कप रिकामा झाला तरी उठेना. मी पडून असले तरी आंधळी नाही, आणि आता तर चष्माही नवा होता. मीच विचारलं, बाबा रे, तुला काही म्हणायचंय का? तो लाल झाला. म्हणाला, मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, तुम्ही आवडत नाही असं नाही, पण आईंचं मशीन मला सोडता येणार नाही, पुन्हा विचारू नका. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. तुमच्याकडे तक्रार घेऊनही आलो नाही, खरंच चष्मा द्यायला आलो होतो. तो गेल्यावर मला आठवलं, तिथल्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेने तुला नोकरी देऊ केली तीही तू नाकारलीस, आणि आम्हाला म्हणालीस की इथलं पाणी मानवत नाही. पाण्याला कशाला गं नावं ठेवलीस?

त्यानंतरच्याच दिवशी सोलरवालीने बॅटरीचं माप काढायला घेतलं आणि विचारलं, घरात माणसं किती? मास्तर म्हणाले, तीन. तिसरी सून, शिकायला गेलीय, येईल परत. ती म्हणाली, मग लहान बॅटरी पुरेल, वीज गेल्यावर काही तास मशीन चाललं की झालं, पुढे सिलिंडर लावायला घरात तरुण माणूस आहेच. मी म्हटलं, तीन नाही, दोन. आणि दोनच माणसं आहेत, म्हणून मोठी दे. रात्र काढून दुसरा दिवस ढगाळ गेला तरी थांबणार नाही अशी. तिला क्षणभर उमगेना, माणसं कमी आणि बॅटरी मोठी हे गणित कसलं. मग उमगलं, आणि ती टेप गुंडाळायला लागली. मास्तर मात्र भडकले. लेक गेला, आता सुनेलाही घरातून वजा करतेस का, म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गिऱ्हाइकांशी मात्र माझ्या ऐकण्याइतपत मोठ्याने बोलायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांना जवळ बसवलं आणि चष्मेवाल्याचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं आपण पोरीला बॅटरीसारखं भिंतीला लावून ठेवलं काय. आणि उठून त्यांनीच सोलरवालीला फोन लावला. म्हणाले, दोनच माणसं धर बाई, आणि मोठी घे.

तर बाळा, हे पत्र यासाठी. तू आता इथे परत यायला बांधलेली नाहीस. ती नोकरी घे. चष्मेवाल्याला हो म्हण. आणि तो नको असेल तर तो नको म्हणून नाही म्हण, माझ्यासाठी नाही म्हणू नकोस. तुझ्याशिवाय मला करमतं असं खोटं मी लिहिणार नाही. अजूनही दुपारी जिन्यात पावलं वाजली की मान दाराकडे वळते. माझ्या लेकाने तुला या घरात आणलं आणि तो तुला इथे ठेवून देवाघरी निघून गेला, त्यानंतर तू आमची सून कमी आणि लेकच जास्त झालीस. पण लेकीला कुणी असं जखडून ठेवत नाही. तेव्हा आजपासून हे तुझं सासर नाही, माहेर आहे. मास्तरांनी तुझ्यासाठी कापडही बेतून ठेवलंय, रंग विचारलास तर ते सांगणार नाहीत. जमेल तेव्हा ये, एकटी ये नाहीतर जोडीने ये. चार दिवस राहा, उशिरा ऊठ, आयता चहा घे, आणि वीज गेली तर जागची हलू नकोस.

तुझीच,
आई